पात्र आधी काय करते ते पाहा: नाटके आणि चित्रपट यांच्या विश्लेषणाची एक पद्धत

शाळेत 'अमुक पात्राचे स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न येतो आणि उत्तरपत्रिकेत विशेषणांची रांग उभी राहते: सिंधू सोशिक आहे, पतिव्रता आहे, कष्टाळू आहे, सुधाकर बुद्धिमान पण व्यसनी आहे, तळीराम धूर्त आहे. यातले एकही विधान खोटे नाही, आणि तरीही 'एकच प्याला' हे नाटक उघडूनही न पाहता, एखाद्या मार्गदर्शकातील कथासारावरून ती सगळी लिहिता येतात. मूळ कलाकृती वाचल्याशिवाय जे लिहिता येते त्याला विश्लेषण म्हणण्यात अर्थ नाही. येथे सांगितलेली पद्धत म्हणूनच दुसऱ्या टोकापासून सुरू होते. पात्र काय करते, काय मागते, काय नाकारते आणि काय लपवते याची नोंद आधी करावी. स्वभावाविषयीचे विधान त्या नोंदीवरून करावे. आणि कलाकृतीच्या आशयाविषयी बोलायचे ते सर्वांत शेवटी. महाविद्यालयात नाटकाचा पेपर असणाऱ्यांना, एकांकिका स्पर्धेसाठी संहिता हाती घेतलेल्यांना किंवा चित्रपट पाहून झाल्यावर त्यावर नेमके काही लिहू इच्छिणाऱ्यांना ही पद्धत सारखीच लागू पडते.

दोन वाचने आणि एक वही

पहिले वाचन किंवा पहिला खेळ हातात पेन्सिल न घेता पूर्ण करावा. आपण कुठे दचकलो, कुठे कंटाळलो आणि कुठे एखाद्या पात्राचा नकळत राग आला, एवढेच नंतर आठवून लिहून ठेवावे. या प्रतिक्रिया कच्च्या असतात, पण पुढे प्रश्न तयार करायला त्याच उपयोगी पडतात. ज्या ठिकाणी कंटाळा आला ते ठिकाण तर विशेष जपून ठेवावे, कारण लेखकाने तो भाग का ठेवला असेल हे शोधताना पुष्कळदा नाटकाची बांधणी उलगडते.

दुसऱ्या वाचनाला वही लागते. प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी एक पान घ्यावे आणि त्याचे तीन उभे भाग करावेत. पहिल्या भागात पात्राने प्रत्यक्ष केलेल्या कृती लिहाव्यात, आणि त्या क्रियापदांतच लिहाव्यात: जाते, देतो, खोटे बोलते, दार लावतो, उत्तर टाळते. दुसऱ्या भागात पात्र स्वतःविषयी जे सांगते ते लिहावे. तिसऱ्या भागात त्याच्या गैरहजेरीत इतर लोक त्याच्याविषयी काय बोलतात ते लिहावे. तिन्ही भाग एकमेकांशी जुळले तर ते पात्र बहुधा दुय्यम असते. जुळले नाहीत, तर व्यक्तिरेखा नेमकी त्या फटीत सापडते.

नाटक वाचताना कंसातील रंगसूचना ओलांडून पुढे जाण्याची सवय मोडावी लागते. कोण कधी रंगमंचावर येते, कोण बोलणे अर्धवट टाकून निघून जाते, एखादे पात्र किती वेळ न बोलता नुसते बसून असते, हे सगळे तेथेच लिहिलेले असते. चित्रपटाला अशी छापील सोय नसल्यामुळे प्रसंगासमोर तास-मिनिटांची नोंद करावी. ती नसेल तर पुढे लिहिताना आपल्याला आठवणारा चित्रपट आणि पडद्यावरचा चित्रपट यांत फरक पडत जातो.

एक उदाहरण सविस्तर: 'एकच प्याला'

राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक 1919 साली गंधर्व नाटक मंडळींनी रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी जानेवारीत गडकरी वारले होते, त्यामुळे प्रयोग पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर या भूमिकांनी नाटकाला जी कीर्ती मिळवून दिली, तिच्यामुळे आजही 'एकच प्याला' म्हणजे दारूबंदीचे नाटक आणि सिंधू म्हणजे आदर्श पत्नी ही दोन उत्तरे वाचनाआधीच तयार असतात. ती बाजूला ठेवून वहीचे पान भरावे.

सुधाकराच्या पानावर पहिली ठळक नोंद कोणती येते? दारूचा प्याला पहिला येत नाही. आधी न्यायालयात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, त्याचा खटका उडतो आणि वकिलीची सनद काही काळासाठी जाते. हुशार, मानी, स्वतःच्या बुद्धीवर उभा राहिलेला हा माणूस चारचौघांत अपमानित होतो, आणि त्या अपमानाचा दाह विझवण्यासाठी तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. म्हणजे सुधाकर चैनीसाठी पीत नाही. तो विसरण्यासाठी पितो. पुढे तो दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि काम मागायला जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो. तेथे त्याची अवहेलना होते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की क्रम सारखाच दिसतो: अपमान, मग दारू, सुधारणा, अपमान, पुन्हा दारू.

आता सिंधूचे पान. ती माहेरची मदत नाकारते, दळण दळून संसार चालवते, आणि शेवटी सुधाकराच्या मारहाणीत मूल गेल्यावर, स्वतः मरणाच्या दारात असताना, नवऱ्यावर गुन्ह्याचा ठपका येऊ नये म्हणून खोटा जबाब देते. या तिन्ही कृती 'सोशिक' या विशेषणात गुंडाळल्या की त्यांच्यातला समान धागा हरवतो. तिन्ही वेळा सिंधू सुधाकराचा मान राखते आहे. माहेरचा पैसा घेतला तर त्याला कमीपणा येईल. दळण दळल्याने मिळणारी कमाई तिची स्वतःची आहे. आणि खरा जबाब दिला तर तो जगापुढे खुनी ठरेल. एकीकडे सुधाकर अपमान सहन न झाल्यामुळे पितो आणि दुसरीकडे सिंधू त्याचा अपमान होऊ नये म्हणून मरते.

येथवर आल्यावर नाटकाच्या आशयाविषयी एक प्रश्न मांडता येतो: पुरुषाच्या मानाची किंमत कोण मोजते? 'दारूचे दुष्परिणाम' या उत्तरापेक्षा हा प्रश्न नाटकाच्या अधिक भागांना स्पर्श करतो. तळीरामाची बायको गीता ही तर लेखकाने सिंधूशेजारी मुद्दाम उभी केलेली वाटते. दोघींचे नवरे दारुडे आहेत, पण गीता फटकळ आहे. ती नवऱ्याचा मान झाकत बसत नाही. अशी जोडपात्रे दिसली की त्यांची पाने समोरासमोर ठेवावीत. एकाच परिस्थितीत दोन माणसे निरनिराळे वागतात तेव्हा त्या वागण्यातली निवड उघडी पडते, आणि सिंधूचे वागणे हे दैव नसून एका संस्काराने शिकवलेली निवड आहे हे गीतेमुळे कळते.

परंतु आपल्याला सापडलेला धागा सगळीकडे ओढून बसवण्याचा मोह याच टप्प्यावर होतो. म्हणून विरोधी पुरावाही वहीत लिहावा. तळीरामाला कसला मान? तो मजेत पितो, आर्य मदिरा मंडळ या दारुड्यांच्या मंडळाच्या बैठकींत दारूचे तत्त्वज्ञान सांगतो आणि अपमानाचे कोणतेही कारण नसताना त्याच वाटेने संपतो. गडकऱ्यांनी व्यसनाच्या पायऱ्यांविषयी लांबलचक भाषणे लिहिली आहेत, ती नजरेआड करता येत नाहीत. म्हणजे नाटकाला दारूविषयी थेट काही सांगायचे आहे हेही खरे. चांगले विश्लेषण हे दोन्ही मान्य करते आणि मग विचारते, की उपदेश जर दारूविरुद्ध आहे तर शोकांतिकेची सगळी कळ मानापमानावर का फिरते? मला स्वतःला असे वाटते की उपदेशाचा भाग आज जुना झाला आहे आणि मानापमानाचा भाग अजिबात जुना झालेला नाही. नाटक अजून वाचले जाते ते त्यामुळे. पण हे मत झाले. ते मांडायचे असेल तर आधी पुरावा मांडून मगच मांडावे.

आशय एका शब्दात लिहू नये

प्रेम, सत्ता, एकाकीपणा, जात, व्यसन हे सगळे विषय आहेत. विषय सांगितल्याने कलाकृती त्या विषयाबद्दल काय म्हणते ते कळत नाही. आशयसूत्र लिहिताना ते पूर्ण वाक्यात, आणि शक्यतो प्रश्नाच्या रूपात लिहावे, कारण मोठी नाटके बहुधा एक प्रश्न वेगवेगळ्या पात्रांना विचारत राहतात आणि प्रत्येकाकडून वेगळे उत्तर घेतात. 'एकच प्याला'मधला मानाचा प्रश्न सुधाकराला विचारला जातो, सिंधूला विचारला जातो, गीतेला विचारला जातो; सद्गुणाचा आदर्श म्हणून वावरणाऱ्या रामलालला आपल्या आश्रयाला असलेल्या शरदविषयी मोह पडतो तेव्हा तोच प्रश्न त्याच्या स्वतःविषयीच्या कल्पनेलाही छेद देतो.

मांडलेला प्रश्न टिकतो की नाही हे पाहण्याची साधी रीत आहे. त्याला आधार देणारी किमान तीन ठिकाणे कलाकृतीत दाखवता आली पाहिजेत, आणि ती सुरुवात, मध्य व शेवट अशी विखुरलेली असावीत. तिन्ही पुरावे एकाच प्रवेशातले असतील तर आपण प्रवेशाचा अर्थ लावला आहे, नाटकाचा नव्हे. नंतर शेवट तपासावा. पडदा पडताना प्रश्नाचे काय झाले? उत्तर मिळाले, टाळले गेले की प्रेक्षकाकडे टाकले गेले? सुधाकर शेवटी विष मिसळलेला प्याला स्वतः पितो, म्हणजे मानाच्या हिशेबात शिक्षाही तो स्वतःच ठरवतो. कायद्यापुढे उभे राहण्याचा प्रसंग त्याच्यावर येतच नाही. सिंधूने खोटे बोलून जे वाचवले ते तो स्वीकारतो की नाकारतो, यावर दोन अभ्यासू माणसांचे मतभेद होऊ शकतात, आणि तसे व्हावेत.

न बोलणारी पात्रे, वस्तू आणि रिकाम्या जागा

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 साली रंगायन या नाट्यसंस्थेने सादर केले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. एका गावातील सभागृहात रात्रीच्या कार्यक्रमाआधी वेळ घालवण्यासाठी बाहेरून आलेल्या नाट्यमंडळींचा अभिरूप न्यायालयाचा खेळ सुरू होतो, बेणारेला आरोपी केले जाते, आणि खेळता खेळता तिच्या खऱ्या आयुष्याची झडती घेतली जाते. हे नाटक विश्लेषणासाठी घेतले की केवळ संवाद वाचून भागत नाही, हे पहिल्याच पानांत समजते.

नाटकाच्या सुरुवातीला दाराच्या कडीत बेणारेचे बोट सापडते. प्रसंग इतका किरकोळ आहे की पहिल्या वाचनात तो ध्यानातही राहत नाही. पुढे खटला अंगाशी येऊ लागल्यावर ती बाहेर पडू पाहते तेव्हा तेच दार बाहेरून बंद झालेले असते. एखादी वस्तू नाटकात दोनदा आली, की दोन्ही वेळचे संदर्भ शेजारी लिहून पाहावेत. पहिल्या वेळी कडी फक्त दुखवते, दुसऱ्या वेळी ती कोंडते, आणि दोन्ही वेळा कोणी मुद्दाम काही केलेले नसते. तिला सापळ्यात अडकवणाऱ्या माणसांनीही सुरुवातीला काही ठरवलेले नसते, हे या दाराशी ताडून पाहण्यासारखे आहे.

दुसरी नोंद गैरहजर पात्राची. प्राध्यापक दामले नाटकात एकदाही येत नाहीत. तरीही साऱ्या खटल्याचे मूळ तेच आहेत. बेणारेच्या गरोदरपणाची निम्मी जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला नाटककाराने रंगमंचावर आणलेच नाही, ही त्रुटी नसून रचना आहे; आरोपीच्या पिंजऱ्यात एकच व्यक्ती उभी असते, हे त्यामुळे वेगळे बोलून दाखवावे लागत नाही. कोणत्याही नाटकात सतत ज्याचे नाव घेतले जाते पण जो दिसत नाही, त्याच्यासाठी वहीत एक पान राखून ठेवावे.

तिसरी नोंद मौनाची. पहिल्या अंकात बेणारे हसते, गाते, सहकाऱ्यांच्या उणिवा सामंत या गावातल्या माणसाला रंगवून सांगते. खटला गंभीर होत जातो तशी ती गप्प होत जाते. शेवटी तिचे जे दीर्घ स्वगत येते ते न्यायालयातल्या कोणालाही ऐकू जात नाही. ते थिजलेले असतात आणि काळ पुढे सरकला की जणू ती काहीच बोलली नाही असे वागतात. या स्वगतातील वाक्ये उद्धृत करून बेणारेचे मन उलगडणे सोपे आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तिचे म्हणणे फक्त प्रेक्षकाने ऐकले. नाटककाराने प्रेक्षकाला साक्षीदार केले, आणि साक्षीदाराने पुढे काय करायचे हा प्रश्न उरतो.

इतर पात्रांकडे येताना 'ढोंगी समाजाचे प्रतिनिधी' असा शिक्का मारून मोकळे होऊ नये. सुखात्मे हा न चालणारा वकील, पोंक्षे हा परीक्षेत अडलेला विज्ञानवाला, रोकडे हा काशीकरांच्या उपकाराखाली वाढलेला मुलगा आणि काशीकर दांपत्य निपुत्रिक. प्रत्येकाला बाहेर न मिळालेली प्रतिष्ठा या खोट्या न्यायालयात मिळते. न्यायाधीशाची खुर्ची किंवा वकिलाचा झगा मिळाल्यावर त्यांची भाषा कशी बदलते, ते शब्द मोजून पाहावे इतके बोलके आहे. सामंताची जागा आणखी वेगळी. त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नसते. एका कादंबरीच्या आधाराने तो बनावट साक्ष देतो आणि ती नेमकी खऱ्या जखमेवर लागते.

चित्रपटात काय वेगळे पाहावे

चित्रपटाचे विश्लेषण करताना नव्याने लिहिणारे लोक संवादांवरच थांबतात, कारण संवाद लिहून घेता येतात. पण पडद्यावर पात्राविषयीची बरीच माहिती कॅमेरा, संकलन आणि ध्वनी देतात. एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहावा आणि नंतर डोळे मिटून नुसता ऐकावा. दोन्ही वेळा जे कळले त्यांत फरक असेल तर त्या फरकावर परिच्छेद लिहिण्याजोगा मजकूर हाती आला असे समजावे.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 2016 साली आला तेव्हा बहुतेकांनी तो 'आंतरजातीय प्रेमाची शोकांतिका' म्हणून पाहिला. हे वर्णन चुकीचे नाही, पण त्यातून नायिका आर्चीची व्यक्तिरेखा सुटते. तिच्या पानावर क्रियापदे लिहा: बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, मुलांना दटावते, आपल्या मनाने प्रेम व्यक्त करते. 'धाडसी' हे विशेषण तोंडावर येते. आता तिचा भाऊ प्रिन्स याच्या पानावर एक कृती लिहा: तो वर्गात शिकवणाऱ्या सरांना थोबाडीत मारतो आणि त्याचे काहीही वाकडे होत नाही. दोन्ही पाने जवळ ठेवली की एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. आर्चीचा बेडरपणा आणि प्रिन्सचा माज यांचे उगमस्थान एकच नाही का? दोघांच्या मागे पाटलांचे घर उभे आहे. पळून हैदराबादला गेल्यावर ते घर सुटते, आणि तीच मुलगी परक्या भाषेच्या वस्तीत घाबरते, रडते, मग कारखान्यातले काम करत, पै-पै जोडत नव्याने उभी राहते. या दुसऱ्या धाडसाला मागे कोणाचेही बळ नाही. आर्चीचा खरा प्रवास एका धाडसाकडून दुसऱ्याकडे होतो, आणि तो 'धाडसी' या एका शब्दात मावत नाही.

चित्रपटाची भाषाही याच रेषेवर बदलते. पूर्वार्धात गाणी आहेत, मंदगतीने धावणारी दृश्ये आहेत, लोकप्रिय प्रेमपटाची सगळी सामग्री आहे. उत्तरार्धात गाणी थांबतात, खोलीचे पत्रे आणि रोजचे कष्ट दिसू लागतात. शेवटच्या प्रसंगात तर आवाजच काढून घेतला आहे. अजय-अतुल यांच्या संगीताने इतका वेळ भरलेला कान अचानक रिकामा होतो, आणि रक्ताची पावले उमटवत जाणारे मूल आपण निःशब्द पाहतो. गाणी केवळ करमणुकीसाठी होती असे मानणाऱ्याला हे मौन उलगडत नाही. आधी इतके संगीत होते म्हणूनच हे मौन असह्य होते.

मंजुळे यांच्याच 'फँड्री'मध्ये डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. या प्रसंगाचा अर्थ लावण्याची घाई करण्याआधी कोण कुठे उभे आहे, कॅमेरा कोणाकडे पाहतो आणि डुक्कर त्या वेळात काय करते, हे नुसते वर्णन करून लिहून काढावे. अर्थ त्या वर्णनातूनच वर येतो.

रूपांतर हाती आले तर

एकच कथा दोन ठिकाणी सापडणे ही अभ्यासकाला मिळालेली सवलत आहे. दोन्हींतील साम्ये पटकन मोजून बाजूला ठेवावीत आणि सगळा वेळ बदलांवर घालवावा. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चे शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी असलेले नाते सर्वांना ठाऊक आहे. 1970 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात पुरुषोत्तम दारव्हेकरांचे दिग्दर्शन होते आणि डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर झाले होते. लिअर राज्य वाटताना मुलींकडून प्रेमाची ग्वाही मागतो. अप्पासाहेब, म्हणजे गणपतराव बेलवलकर, असे काही मागत नाहीत, ते आपले सगळे मुलांना सहज, कृतार्थतेच्या भरात देऊन टाकतात. लिअरला कॉर्डेलिया आहे, खरे बोलणारी आणि शेवटी परत येणारी मुलगी; अप्पासाहेबांना अशी मुलगी नाही. सावध करण्याचे काम येथे कावेरीकडे, बायकोकडे आले आहे, आणि ती मध्येच मरण पावते. या दोन बदलांनी नाटकाचे वजनच सरकते. लिअरच्या नशिबी स्वतःच्या अहंकाराचे फळ आहे. अप्पासाहेबांची चूक त्या मानाने फार लहान आहे, म्हणून प्रेक्षकाची सहानुभूती त्यांच्याकडे अधिक वेगाने जाते. ती इतक्या वेगाने जाते, की घरात आपल्या वागण्याने इतरांना होणारा त्रास त्यांना दिसत नाही, ही बाजू बरेच प्रेक्षक विसरतात. मुलगी नलू आणि सून शारदा यांची पाने म्हणूनच काळजीपूर्वक भरावीत. त्या दोघींनाही स्वतःची कारणे आहेत आणि नाटककाराने ती लिहिली आहेत.

महेश मांजरेकर यांनी 2016 मध्ये या नाटकावर चित्रपट केला, त्यात नाना पाटेकर यांच्याबरोबर विक्रम गोखले यांनी रामभाऊ हा नटमित्र साकारला. नाटकात अप्पासाहेब स्वतःशी आणि जुन्या भूमिकांशी बोलतात. चित्रपटात त्यांना बरोबरीचा श्रोता मिळतो. त्यामुळे त्यांचे एकटेपण कमी झाले की अधिक ठळक झाले, हा प्रश्न एका स्वतंत्र निबंधाला पुरेल.

अशाच पद्धतीने विशाल भारद्वाज यांचा 2003 चा 'मकबूल' शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'शेजारी ठेवता येतो. मुंबईच्या गुन्हेगारी जगात आणलेल्या या कथेत निम्मी ही मकबूलची पत्नी नसून ज्याची हत्या व्हायची आहे त्या अब्बाजीची सोबतीण आहे. नात्यातील एवढ्या एका बदलामुळे महत्त्वाकांक्षेच्या कथेत मत्सर आणि ताबा हे दोन नवे हेतू शिरतात. चेटकिणींच्या जागी दोन पोलीस अधिकारी आले आहेत. भविष्य सांगणारेच ते घडवण्यातही हात घालतात, तेव्हा दैव आणि व्यवस्था यांतली रेघ पुसट होते.

येथे एक खबरदारी सांगणे आवश्यक आहे. पात्र आणि नट यांची गल्लत होऊ देऊ नये. अप्पासाहेबांची भूमिका लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी अशा समर्थ नटांनीही केली. प्रत्येकाने संहितेतील काही गोष्टी उजेडात आणल्या असतील आणि काही झाकल्या असतील. आपण लिहितो आहोत ते शिरवाडकरांच्या संहितेविषयी की एका विशिष्ट प्रयोगाविषयी, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट करावे. चित्रपटात हा भेद करणे अवघड असते, कारण तेथे बहुधा एकच नट कायमचा पात्राशी जोडला जातो.

लेख लिहिताना

वही भरल्यावर लेख स्वतःहून लिहिला जात नाही. जमलेल्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक टाकून द्याव्या लागतात, आणि हे काम वाचनापेक्षा कठीण आहे. लेखाला एकच दावा असावा आणि तो पहिल्या किंवा दुसऱ्या परिच्छेदात सांगून टाकावा. कथानक वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालावे. जेथे पुराव्यासाठी गरज पडेल तेथे त्या प्रसंगापुरतेच कथानक सांगावे. कथासार दोन परिच्छेदांपुढे गेले की बहुधा लेखकाकडे दावा उरलेला नसतो.

उद्धरणे छोटी ठेवावीत आणि प्रत्येक उद्धरणानंतर आपले किमान एक वाक्य असावे, जे त्या ओळीतील एखाद्या शब्दाकडे, क्रमाकडे किंवा थांबण्याकडे बोट दाखवील. 'कुणी घर देता का, घर?' ही ओळ आता इतक्यांदा उच्चारली गेली आहे की ती लिहिल्याने काहीच सिद्ध होत नाही; पण ती म्हणणारा माणूस आयुष्यभर टाळ्या घेत आलेला नट आहे आणि येथे तो त्याच आवाजात भीक मागतो आहे, हे दाखवले तर ओळ पुन्हा काम करू लागते.

लेखकाच्या चरित्रावरून पात्राचा अर्थ लावण्याचे टाळावे. काळाचा संदर्भ मात्र घ्यावा: सिंधूच्या काळातील स्त्रीपुढे कोणते पर्याय होते हे माहीत नसेल, तर तिच्या निवडीला आजच्या मापाने मोजण्याची चूक होते. उलट बाजूने, 'त्या काळात असेच होते' असे म्हणून तिच्या मृत्यूवरचा प्रश्नही मिटवू नये, कारण गीता त्याच काळातली आहे.

शेवटी, मसुदा पूर्ण झाल्यावर लाल पेन घेऊन लेखातील पात्रांना लावलेली सर्व विशेषणे अधोरेखित करावीत. प्रत्येक विशेषणाच्या मागेपुढे त्याला आधार देणारी एखादी कृती लेखात आहे का ते पाहावे. जेथे ती नसेल तेथे वहीत परत जाऊन कृती शोधावी, आणि ती तेथेही सापडली नाही तर विशेषण खोडावे.